45 हजारांत हलका आणि बऱ्यापैकी चपळ लॅपटॉप: कोणता घ्यावा?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी, त्यामुळे शिकवण्याबरोबर ऑनलाइन माहिती भरायचं कामही आम्हा दोघांकडेच. यू-डायस प्लस (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल), पोषण आहाराच्या नोंदी, आकारिक-संकलितची निकालपत्रकं, अधूनमधून झूमवर प्रशिक्षण. घरचा लॅपटॉप हार्ड डिस्कवाला आहे, वजनाला दोन किलोच्या वर, आणि एक्सेल उघडताना ब्राउझर गोठतो.

नवीन घ्यायचा आहे. रोज सॅकमध्ये टाकून स्कूटीवरून न्यायचा, म्हणून सडपातळ हवा. वीज जाते, म्हणून बॅटरी टिकायला हवी. शाळेत प्रोजेक्टर आहे, त्याला जोडता यायला हवा. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. बजेट 45 हजार, अगदीच फरक पडत असेल तर दोन-तीन हजार वर.

कराडच्या दुकानात एक रायझन 5, 8 जीबीवाला दाखवला. दुकानदार म्हणाला, 'आय थ्री घेऊ नका मॅडम, रायझन फाइव्ह वरचा असतो.' मॉडेलवर 7520यू लिहिलंय. घेऊ का?

सोल्डरगन
ताई, थांबा, तो घेऊ नका. माझं पुण्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे, हा प्रश्न रोज समोर येतो.

रायझन एएमडी कंपनीचा प्रोसेसर, आय थ्री इंटेलचा. दुकानदार पाच आणि तीनची तुलना करतोय. ती एकाच कंपनीच्या एकाच पिढीत चालते, एरवी नाही. रायझनच्या या 7000 मालिकेत तिसरा आकडा बघायचा. तो आतल्या गाभ्याची पिढी सांगतो. 7520 मध्ये तिथे 2 आहे, म्हणजे झेन 2, जी 2019 मध्ये आलेली रचना. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चार. 7530यू मध्ये तिथे 3, म्हणजे झेन 3, कोअर सहा, थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं) बारा. दोघांवर 'रायझन 5' हेच स्टिकर, पण कामात बराच फरक. उलट ज्या आय थ्रीला तो नावं ठेवतोय, तो 1215यू किंवा 1315यू असेल तर त्यात सहा कोअर आहेत, दोन जोरकस आणि चार काटकसरी. तुमच्या एक्सेल-ब्राउझरच्या कामाला तो 7520यू पेक्षा चपळ वाटेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 7520यू फक्त एलपीडीडीआर5 रॅमवर चालतो, आणि ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते. आज 8 घेतली तर मशीन भंगारात जाईपर्यंत 8 च. त्यातलीही थोडी ग्राफिक्सला जाते. विंडोज 11, क्रोममध्ये दहा टॅब, एक झूम आणि एक जड एक्सेल शीट एवढ्यात 8 जीबी भरते, मग मशीन एसएसडीवर उचल-ठेव करत बसतं आणि तुम्हाला वाटतं प्रोसेसर मंद आहे. प्रोसेसर बिचारा नुसता बसलेला असतो. आत्ताच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि निकालपत्रक भरताना मेमरीचा टक्का बघा. तो सतत 85 च्या वर असेल तर रोग तिथेच आहे.

म्हणून माझं उत्तर: आय3-1215यू, 1315यू किंवा रायझन 5 7530यू यांपैकी काहीही, 512 जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, आणि रॅम एक तर 16 किंवा 8 अधिक एक मोकळा स्लॉट. आसुस व्हिवोबुक 14 आणि 15 च्या आय थ्री मॉडेलांत 8 बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा मिळतो. लेनोव्हो आयडियापॅड स्लिम 3 मध्ये एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात, म्हणून नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर 'स्लॉट' शब्द शोधा. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा आज 16 वाला जमत असेल तर तोच घ्या, नंतर टाकू म्हणून थांबण्यात आता फारसे पैसे वाचत नाहीत.

सेलेरॉन (इंटेलचा अगदी साधा प्रोसेसर) आणि ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ) स्टोरेजवाले स्वस्त सडपातळ लॅपटॉप कोणी कितीही गोड बोलून दाखवले तरी नको.

अनुस्वार
वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी भाषांतराचं काम करते, दिवसभर देवनागरी मजकूर वाचते, म्हणून स्क्रीनबद्दल कळकळीने सांगते. या किमतीत अजून टीएन पॅनल (तिरकं बघितलं की रंग उतरणारा स्वस्त पडदा) विकतात, आयपीएस हा त्याहून चांगला प्रकार. जाहिरातीत 'फुल एचडी' मोठ्या अक्षरांत, पॅनलचा प्रकार कुठेच नाही. दुकानात वर्डमध्ये पांढऱ्या पानावर 11 च्या आकारात चार ओळी मराठी टाइप करा. मग पडदा थोडा मागे-पुढे करा, बाजूला उभ्या राहून बघा. टीएन असेल तर वरचा भाग फिका, खालचा काळपट होतो, आणि रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या डोळे ताणून बघाव्या लागतात. आयपीएसमध्ये अक्षर जागचं हलत नाही. तुम्ही मुलांची नावं भरणार, तिथे एक वेलांटी चुकली की पुढे दाखल्यापर्यंत चूक जाते.

उजेडाचं: बहुतेक ठिकाणी 250 निट्स असतात. खोलीत पुरतात, वर्गाच्या खिडकीशी बसलात तर कमी पडतात. 300 मिळाले तर उत्तम. पडदा मॅट घ्या, चकचकीत नको.

आणि टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहेच, फोनेटिकही आहे. भाषा सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडलं की झालं.

दूरदेशी
थोडं वेगळं सुचवतो. मॅकबुक एअर एम1, 2020 चा. सेलमध्ये किंवा चांगल्या स्थितीत वापरलेला बघा. 1.29 किलो, आत पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य, बॅटरी दिवसभर. मी इथे टोरांटोत पाच वर्षं तोच वापरतोय, आजही तक्रार नाही.

सोल्डरगन
दूरदेशी, मशीन अप्रतिम आहे, वादच नाही. पण ताईंच्या कामाला अडेल. शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या निकालपत्रकाच्या एक्सेल फायलींत मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) असतात, आणि त्या विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. मॅकवर काही चालतात, काही अर्ध्यात थांबतात. पंचायत समितीतून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फायली येतात त्या वेगळ्याच. डिजिटल सहीचा डोंगल कधी लागला तर त्याचा ड्रायव्हर आणि साधा यूएसबी पोर्ट दोन्ही लागतात, एअरला फक्त दोन टाइप-सी. क्रोमबुकलाही हेच लागू. नुसतं वाचन, मेल, यूट्यूब असतं तर मीच एअर सांगितला असता.

जुनंजपा
रिफर्बिश्डचा विचार केलात का? कॉर्पोरेट कंपन्यांतून निघालेले लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड. कीबोर्ड असा की या बजेटच्या नव्या मशीनवर मिळत नाही, बिजागरी दणकट, आणि पैसे निम्मे. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढीगभर दुकानं आहेत. अट एकच: इंटेल आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. तीच मशीन आता सगळ्यात स्वस्त दिसतात, कारण उघड आहे.

सोल्डरगन
बरोबर, आणि बॅटरी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. 50,000 च्या जागी 28,000 दिसत असेल तर बॅटरी थकलेली आहे, नवीचे पैसे किमतीतून कापून घ्या. पण ताई, गावात राहून मशीन बिघडलं तर कोण बघणार हा प्रश्न आहे. शहरात असतात तर रिफर्बिश्ड, तिथे मी नवं आणि ऑनसाइट वॉरंटी असलेलं घेईन. कंपनीचा माणूस तुमच्या पिनकोडला येतो का, हे आधी हेल्पलाइनला फोन करून विचारा.

कोयनाकाठ
खूप आभार सगळ्यांचे. टास्क मॅनेजर बघितला, निकालपत्रक आणि क्रोम उघडं असताना 93 टक्के! म्हणजे 16 जीबीच बघते. अजून तीन शंका. 14 इंची घ्यावा की 15? बॅटरी किती बघावी? आणि आमचा प्रोजेक्टर जुना आहे, त्याला निळा व्हीजीए पोर्टच आहे, आता काय?

अनुस्वार
रोज न्यायचा तर 14. वजन 1.4 किलोच्या आसपास राहतं आणि सॅकमध्ये आडवा मावतो. फक्त 14 वर बहुधा आकड्यांचा वेगळा नमपॅड नसतो. गुण भरायला तो लागत असेल तर वेगळा यूएसबी नमपॅड काही शे रुपयांत येतो, घरी ठेवा.

सोल्डरगन
बॅटरी वॅट-अवरमध्ये बघा, 'दहा तास' वगैरे छापलेलं सोडून द्या. हलक्या कामात असं मशीन साधारण सहा ते आठ वॅट खातं, म्हणजे 42 वॅट-अवर पाच ते सात तास देईल. 50 च्या पुढे मिळाली तर शाळेची वेळ निभते. टाइप-सीवरून चार्ज होतो का, हेही विचारा. पोर्ट असतो पण काही मॉडेलांत तो फक्त डेटाचा असतो. होत असेल तर पीडी (टाइप-सीवरून लॅपटॉपला पुरेल इतकी वीज देण्याची सोय) असलेला 65 वॅटचा चार्जर किंवा पॉवर बँक वीज नसताना कामी येते.

प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. नुसती केबल मिळते ती घेऊ नका. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल, व्हीजीएचा अ‍ॅनालॉग, मध्ये बदलणारी चिप लागते. आणि व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे बाजूला 3.5 मिमीचं भोक असलेला कन्व्हर्टर मागा, त्यातून स्पीकरला वायर लावा.

जुनंजपा
पैसे देण्याआधी पेटीवरचा मॉडेल नंबर आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवा. ऑफिस सोबत येतं म्हणतात, ते कायमचं आहे की एक वर्षाचं सबस्क्रिप्शन, तेवढं लेखी घ्या.

कोयनाकाठ
घेते लिहून. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कराडला जाते. 16 जीबी आणि आयपीएस दोन्ही बजेटमध्ये एकत्र मिळालं नाही, तर कशावर पाणी सोडू?

सोल्डरगन
आयपीएस पॅनल आणि मोकळा स्लॉट असलेला 8 जीबीवाला घ्या, रॅम पुढच्या पगारात टाका. पडदा नंतर बदलणं महागात जातं.