मदत हवी आहे: अरुंद गल्लीत वाड्याचा दर्शनी भाग सरळ कसा टिपायचा?

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या कसबा आणि शनिवार पेठेतले जुने वाडे पुनर्विकासात जाण्याआधी त्यांची नोंद राहावी, म्हणून मी फोटो काढतो आहे. विश्रामबागवाड्याचे (१८०७) फोटो भरपूर आहेत. मला काळजी आहे ती राहत्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या वाड्यांची. दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत), भिंतीतल्या देवळ्या (कोनाडे), हे सगळं बघता बघता नाहीसं होतं.

अडचण अशी, की गल्लीत मागे सरकायला जागाच नसते. फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिमीची (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स लावतो. वरचा मजला घ्यायला कॅमेरा उचलला की भिंती आत कलतात. लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ केल्या तर कडा कापल्या जातात आणि महिरपी उभ्या ताणल्यासारख्या दिसतात. पुढे कुणी या फोटोंवरून खिडक्यांचं प्रमाण काढणार असेल, तर हे चालणार नाही.

टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता जी वर सरकवता येते ती) भाड्याने घ्यावी, की कॅमेरा समपातळीत ठेवून तीन-चार फोटो जोडावेत? जोडताना पुढच्या विजेच्या तारा तुटक येतात, त्यावर काही उपाय आहे का? की समोरच्या घरातल्यांना विनंती करून त्यांच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काढणंच बरं?

वाड्याच्या आतल्या चौकात कडक ऊन आणि ओटीवर काळोख असतो, तिथे ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन एकत्र करणं) करता की ढगाळ दिवसाची वाट पाहता? वास्तुरचना शिकलेल्या कुणी फोटोसोबत कोणती मोजमापं लिहून ठेवावीत हेही सांगितलं तर फार उपयोग होईल.