तलावाकाठी तंबू: पक्षीप्रेम की पिकनिक?

दुर्बीणवाली: काल नागपूरच्या एका ग्रुपवर वाचलं, "मार्चअखेर उमरेड रोडच्या तलावावर तंबू ठोका, पक्षी तुमच्या दारात येतात." सोबत टिटवीच्या चार अंड्यांचा फोटो, वीतभर अंतरावरून. अहो, दारात तुम्ही गेलात! टिटवी उघड्यावर, बारीक दगडांतच अंडी घालते. उन्हात पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तुमचं फोटोसेशन चालू असेपर्यंत ती डोक्यावर ओरडत फिरते आणि खाली अंडी तापतात. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर रविवारी जत्रा.

काऊनबा: काऊन बाप्पा, आता तलावावर जायलेही तुमची परवानगी? माह्या पोरानं तंबूतच पहिल्यांदा अडई बदकाची शिट्टी ऐकली, रात्री दोन वाजता. मले हलवून उठवलं. तोवर त्याले पारवा आणि कावळा, दोनच पक्षी माहीत.

गाळपेर: तंबूवाले येऊन येऊन किती येणार? पाणी उतरलं की काठावर नांगर फिरतो, तेव्हा दुर्बीण कुठं असते? आणि खरा वैरी बेशरम, काठावर माजणारं ते झुडूप. आजोळच्या मामा तलावाचा (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला तलाव) अर्धा काठ तिनं गिळला. ढोरंही तोंड लावत नाहीत. जेसीबी घाला.

दुर्बीणवाली: जेसीबी! त्याच बेशरमात मी जांभळ्या पाणकोंबड्या पाहिल्यात, संध्याकाळी बगळेही तिथंच टेकतात.

गाळपेर: म्हणजे परदेशी झुडूप चालतं, नागपूरचा माणूस चालत नाही. छान.

निशाचर: दोघंही थांबा. आमच्याकडच्या तळ्याचं "सौंदर्यीकरण" झालं. बेशरम गेली, तिच्यासोबत कमळंही गेली. काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर), बाक, रंगीत दिवे आले. कमळपक्षी चालणार कशावर, पेव्हर ब्लॉकवर? आता तिथं बदक एकच, पॅडल मारायचं.

गाळपेर: ते ठेकेदाराला सांगा. मी बेशरम म्हणालो, कमळ नाही.

निशाचर: जेसीबीला फरक कळतो?

काऊनबा: धागा तंबूचा होता राजेहो. इथं बेशरमवर पीएचडी सुरू झाली.

दुर्बीणवाली: बरं, तंबूवर येऊ. स्पीकर होता?

काऊनबा: …होता. सावजी रस्सा होईपर्यंत. तासभर.

दुर्बीणवाली: झालं! पोराला अडई ऐकू आली हेच नवल.

निशाचर: भाऊ, टोमणा नाही मारत. पट्टकदंब, म्हणजे हिवाळ्यात येणारे हंस, बहुतेक रात्रीच शेतात चरायला उतरतात. मार्चमध्ये त्यांना हिमालय ओलांडून परत जायचं असतं, खाऊन घ्यायचे तेच दिवस. त्यात तुमचा स्पीकर आणि हॅलोजन.

काऊनबा: हॅलोजन नव्हता, टॉर्च होता. बरं माय, पुढच्या खेपेला तंबू पाळीच्या मागं, स्पीकर घरी. रस्सा मात्र येईल. आणि तो अंड्यांचा फोटो माहा नव्हे, हे लिहून ठेवा.

दुर्बीणवाली: ठेवलं. रस्सा झाकून आणा, कुत्री जमतात आणि मग अंडी तीच खातात.

गाळपेर: आणि बेशरमचं काय ठरलं?