मित्र कर्जात बुडून राहिला, त्याले येशूबद्दल सांगू का नको?

कपाशीवाला, वणी तालुका

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहून राहिलो इथं, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वर्धा नदीच्या अंगानं, काळी जमीन, कापूस अन् तूर. गावात विश्वासी, म्हणजे येशूले मानणारी, घरं आमचं धरून सात, त्यात माझे बाबा पहिले. ते लय प्यायचे. मी चौथीत होतो तेव्हा आईच्या अंगावर काठी घेऊन धावलेले मले आजही दिसते. मग तालुक्याच्या चर्चच्या एका पाळकाची अन् त्यांची ओळख झाली, तो माणूस वर्षभर सायकलनं यायचा, ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा अन् जायचा. बाबानं दारू सोडली ती सोडलीच. आमच्या घरात रात्रीची झोप लागायला लागली ती येशूमुळं, हे मी कोणासमोरही सांगीन.

आता मुद्दा. माझा एक मित्र आहे, झेडपीच्या शाळेत पहिलीपासून एका टाटपट्टीवर बसलो. चार एकर कोरडवाहू. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं जे खाल्लं ते त्याचं मागून भरलंच नाही, वरून बहिणीचं लग्न, सोसायटीचं थकलं, कृषी केंद्राची उधारी, सावकाराचं वेगळंच. यंदा पहिल्या वेचणीच्या टायमाले पाऊस आला अन् कापूस झाडावरच काळा पडला. आता तो पारावर येत नाही, फोन उचलत नाही, सांजेला पिऊन वावरात बसून राहते. वहिनी लेकरं घेऊन माहेरी गेली.

मले त्याले सांगावं वाटते, लय वाटते, पण तोंड उघडत नाही. एक तर असं वाटते का माणूस पडलेला असताना त्याच्यापाशी जाऊन आपला देव सांगणं म्हणजे त्याच्या पडण्याचा फायदा घेणं. दुसरं गावातलं वातावरण, मागं बाजूच्या गावात प्रार्थना चालू असताना पोरं आली अन् बोलाचाली झाली, तवापासून लोक आमच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहून राहिले. अन् तिसरं, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगितलं का नाताळपर्यंत प्रत्येकानं एक तरी माणूस आणायचा. ते ऐकल्यापासून तर मित्राच्या दारात जायचीच लाज वाटून राहिली, कारण का मी त्याच्यासाठी चाललो का त्या आकड्यासाठी हे माझं मलेच समजत नाही.

साक्ष द्यावी, म्हणजे येशूनं आमच्या घरी काय केलं ते सांगावं, का गप राहावं? ज्याईले अनुभव आहे त्याईनं सांगा.

निवृत्त सिस्टर, अचलपूर

बाळा, मी छत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, त्यातली बरीचशी कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात गेली. तुझा प्रश्न दोनदा वाचला. येशूचं नंतर बोलू, आधी दुसरं.

तू लिहिलंस तो पिऊन एकटा वावरात बसतो, फोन उचलत नाही, बायको लेकरं घरात नाहीत. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आज जा. उद्या नको. अन् त्याला सरळ विचार, तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचं येतं का रे. असं विचारलं म्हणून नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, हे मी कितीतरी खाटांपाशी बसून पाहिलंय. दुसरं, त्याच्या कोठ्यात फवारणीचं औषध पडलेलं असेल ते काहीही निमित्त करून तुझ्याकडं घेऊन ये. आपल्या भागात घात होतो तो त्या डब्यानं होतो. तिसरं, १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. त्याच्या शेजारी बसून लाव. प्रार्थना कर, पण प्रार्थना करतो म्हणून हे टाळू नको.

आता फायदा घेण्याचं. मी नवीन होते तेव्हा वॉर्डात एक आजी होती मेळघाटातली, घरच्यांनी गावाबाहेर झोपडीत ठेवलेली. तेव्हा कुष्ठरोगावरच्या एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायच्या, गोळ्या आल्या नव्हत्या, डॅप्सोन या एकट्या औषधावर वर्षानुवर्षं काढायची. तिच्या पायाची जखम मी रोज धुवायची अन् पट्टी बांधायची. चार महिन्यांनी एक दिवस तिनं विचारलं, बाई, तू मले हात काहून लावतं, माहा पोरगा नाही लावत. तेव्हा मी सांगितलं, माझ्या येशूनं लावला होता म्हणून. बायबलात मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे बघ, तो कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो तेव्हा येशू आधी हात पुढं करून त्याला शिवतो अन् मग बोलतो. तेवढंच सांगितलं मी, दोन वाक्यं. ती म्हणाली बरं. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही, घरी गेल्यावर आपला देव आपलं सगळं तसंच ठेवलं, पण जिवंत होती तोवर दर नाताळाला कोणाच्या तरी हाती माझ्यासाठी सांडगे पाठवायची. मी कमी पडले असं मला आजपर्यंत वाटलं नाही.

मदतीला अट लावली तर फायदा घेणं होतं. पट्टी बांधीन पण प्रार्थनेला ये, तांदूळ देईन पण देव बदल, हे पाप आहे असं मी स्पष्ट म्हणते. तू काही मागायला चालला नाहीस ना? मग जा की.

निळी पहाट, उमरेड

मी ख्रिश्चन नाही, बौद्ध आहे. तरी लिहितो कारण दारात आलेल्या माणसाच्या दुसऱ्या बाजूनं मी उभा राहिलो आहे.

माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्याच दिवशी दोन जण आले, हातात पत्रकं, आई भिंतीला टेकून बसलेली आणि हे तिला सांगतायत की तुमचे यजमान कुठे गेले असतील याचा विचार करा. मी त्यांना हात जोडून बाहेर काढलं. ते परत कधीच आले नाहीत आणि मला खरं वाईट त्याचंच वाटलं, म्हणजे आम्ही नाही म्हटल्याबरोबर आम्ही संपलो त्यांच्यासाठी. त्याच गल्लीत एक ख्रिश्चन सर राहायचे. ते तेराव्या दिवसानंतर, सगळे पाहुणे निघून गेल्यावर यायला लागले, आईला पेन्शनचे फॉर्म भरून दिले, पंचायत समितीत तीन चकरा मारल्या. त्या सरांनी एकदा मला विचारलं, मी कशाच्या जोरावर जगतो ते सांगू का, ऐकायचं असेल तर. मी ऐकलं. पटलं नाही, बुद्धाचाच राहिलो, सर दुसऱ्या दिवशी तसेच चहाला आले.

आमच्या घरात धर्म हा हलका विषय नाही. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. मधे एकवीस वर्षं आहेत. वाचलं, तपासलं, सगळ्या धर्मांच्या लोकांशी बोलले, मग पाऊल टाकलं. माझे आजोबा त्या दिवशी मैदानात होते, उमरेडवरून पायी गेलते. म्हणून माझं म्हणणं इतकंच की भाऊ तुम्ही बोला, बोलण्यात काही गैर नाही, पण त्याला वेळ द्या, आणि नाताळपर्यंत वगैरे ही काय भाषा झाली? एवढ्या मोठ्या गोष्टीला तारीख लावता येते का?

माहेरवाशीण, पुसद

सगळे त्या भाऊबद्दलच बोलून राहिले. वहिनीले कोणी फोन केला का? ती रागानं गेली का भिऊन गेली, लेकरांची शाळा बुडून राहिली का, तिच्याजवळ पैसे आहे का? तुमच्या आईले नाहीतर घरच्या बाईले बोलाले सांगा, तुमी सोता नका करू, तिले अवघड होईन. मी पण अशीच एकदा माहेरी येऊन बसली होती, सासरचं एक माणूस विचाराले आलं नोतं.

फटफटीवाला पाळक, दारव्हा

कपाशीवाले भाऊ, आकड्याचं तुम्ही लिहिलं ते मला लागलं, कारण मी स्वतः असे आकडे मागितले आहेत. आठ वर्षांपूर्वी मंडळीच्या वहीत रकाने पाडले होते, कोणी किती घरं केली. दोन महिन्यांत झालं काय, की लोक आपल्याच सोयऱ्यांना टाळायला लागले, नाहीतर खोटे आकडे सांगायला लागले. मी उभं राहून मंडळीची माफी मागितली आणि ती वही बंद केली. तुमच्या पाळकांशी एकांतात बोला, आदरानं बोला, ते ऐकतील असं मला वाटतं.

वातावरणाबद्दल. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांना दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्याला सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. मला स्वतःला त्यात काही अडचण वाटत नाही. मन पालटणं हे माझं काम नाहीच, ते पवित्र आत्म्याचं, माझं काम सांगण्याचं आणि तेही कोणी विचारलं तर सौम्यतेनं, पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात तेच लिहिलंय.

आणि जे सांगाल ते पुरतं सांगा. येशूकडं ये म्हणजे कर्ज फिटेल असं चुकूनही म्हणू नका, माझं स्वतःचं पीककर्ज अजून आहे. औषध बंद करा असं तर कधीच नाही. अनुसूचित जातीतला कोणी विचारत असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत राहत नाही हे त्याला आधीच सांगायचं, मागून कळलं तर तो आपल्याला लबाड म्हणेल आणि ते बरोबरच असेल.

कवी ना. वा. टिळकांचं मी नेहमी सांगतो कारण ते आपल्याच वाटेवर घडलं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांच्याशी बरोबरीनं, मानानं गप्पा मारल्या, कवितेवर बोलला आणि उतरायच्या आधी नवा करार हातात दिला. ते पुस्तक टिळकांनी नंतर घरी बसून वाचलं. बाप्तिस्मा १८९५ ला. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर त्यानंतर आणखी पाच वर्षं घेतली, स्वतःच्या मनाचा स्वतः निकाल लावून. नवऱ्यानं घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही. टिळकांनी मग येशू गायला तो अभंगात, टाळ-मृदंगावर, आमच्याकडं अजून गातात आणि शेजारचे भजनवाले येऊन ठेका धरतात. तुम्हीही तुमच्या मित्राशी स्टेजवरचं बोलू नका. प्रिय बंधू, तारणप्राप्ती, असलं काही नाही. टाटपट्टीवर जसे बोलायचे तसं बोला.

कपाशीवाला, वणी तालुका

सहा दिवसांनी लिहून राहिलो, माफ करा.

सिस्टरबाईचं वाचलं अन् तशीच गाडी काढली, रात्रीचे साडेआठ झालते. तो वावरातच होता. मी विचारलं, जसं तुमी सांगितलं तसंच सरळ. तो लय वेळ बोललाच नाही अन् मग म्हणे, दोनदा डबा हातात घेतलता. मले उभंच राहवलं नाही, तिथंच ढेकळात बसलो. कोठ्यातले तीन डबे अन् पंप त्याच रात्री माझ्या घरी आणले, त्यानंच उचलू लागला. १४४१६ दुसऱ्या दिवशी लावला, तो बाजूले बसून बोलला, वीसेक मिनिटं. आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी न्यायचं आहे.

पुसदच्या ताई, तुमचं बरोबर होतं. आईनं वहिनीले फोन केला. ती भिऊन गेलती. दोघी फोनवर रडल्या. लेकरं दिवाळीनंतर शाळेत गेलीच नव्हती.

येशूचं मी काढलंच नाही. चौथ्या दिवशी त्यानंच इचारलं, तुया बाबाची दारू कशी सुटली रे. मी म्हटलं त्याईलेच इचार. बाबा आले, खाटेवर बसले अन् सगळं सांगितलं, काठीचं पण सांगितलं, माझ्यासमोर त्याईनं ते कधी बोललं नव्हतं. त्या सायकलवाल्या पाळकाचं सांगितलं, प्रार्थनेत पहिल्यांदा रडले ते सांगितलं. मित्र ऐकत राहिला. मग म्हणे, काका, मले देवाबिवाचं आता काही समजत नाही, डोकं चालत नाही. बाबा म्हणे, नको समजू दे, चहा पे. उठताना त्यानं बाबाले इचारलं, उद्या येसान का?

बाबा रोज जाऊन राहिले. आमच्या पाळकांशी मी बोललो, ते थोडे नाराज झाले पण माझं नाव त्या यादीतून काढलं. उद्या सकाळी त्याच्या वावरात उरलेला कापूस वेचाले मी, आई अन् भजनी मंडळातले दोन जण चाललो. बराचसा कवडी, म्हणजे खराब झालेला कापूसच आहे, भाव भेटणार नाही, पण झाडं रिकामी झाली तर उपटून हरभरा पेरता येईन म्हणे तो. पेरायचं तो बोलला, मी नाही.