व्हॅलिडेशन आणि व्हेरिफिकेशन नववीला कसं शिकवावं? वर्गात करता येतील असे उपक्रम सुचवा

खडूची पूड

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत संगणक शिकवते. नववीचा वर्ग, मुलं ४४, चालू संगणक ९. पुढच्या आठवड्यात माहितीची वैधता तपासणं आणि पडताळणी करणं, म्हणजे व्हॅलिडेशन आणि व्हेरिफिकेशन, हा भाग घ्यायचा आहे. दरवर्षी व्याख्या फळ्यावर लिहून देते, मुलं पाठ करतात आणि पेपरात एकीची व्याख्या दुसरीच्या नावावर लिहितात.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, कारण सहामाहीला माझ्याच हातून चूक झाली. एका मुलीचे गणिताचे ८७ गुण संगणकावर ७८ असे चढले. शीटला ० ते १०० ची अट लावलेली होती, पण ७८ त्या अटीत बसतात, त्यामुळे काहीच अडलं नाही आणि निकालपत्र छापून घरी गेलं. दोन दिवसांनी ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. मला तो क्षण विसरता येत नाही. आकडा नियमात बसतो का याची अट (व्हॅलिडेशन) होती, तो मूळ कागदाशी जुळतो का याची पडताळणी (व्हेरिफिकेशन) नव्हती. मुलांना हाच फरक हाताने करून कळावा असं वाटतं.

अडचणी दोन. एक, वीज कधीही जाते, म्हणून निदान एक तरी तास संगणकाशिवाय घेता यायला हवा. दुसरी, ‘व्हेरिफिकेशन म्हणजे ओटीपी’ असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. कुणी वर्गात काही करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

डोंगरवाडी

मॅडम, पहिल्या तासाला संगणक बंदच ठेवा. मी ‘दारावरचे पहारेकरी’ घेतो, सातवीपासून पुढे कुठेही चालतं.

तीन मुलं दारात उभी करायची, प्रत्येकाकडे एकच नियम. पहिला म्हणणार ‘चिठ्ठी कोरी नको’, दुसरा ‘आकडाच हवा’, तिसरा ‘१२ ते १७ मधलंच वय हवं’. बाकीच्यांनी वयाची चिठ्ठी घेऊन एकेक करून आत यायचं. काही चिठ्ठ्या तुम्ही आधीच बिघडवून ठेवायच्या: एक कोरी, एकीवर अक्षरात ‘चौदा’, एकीवर १४०. पहारेकऱ्यांना सक्त ताकीद द्यायची की चिठ्ठी वाचायची, मुलाच्या तोंडाकडे बघायचं नाही. संगणकाला तोंड दिसत नाही, म्हणून ही अट महत्त्वाची.

आणि दोन-तीन मुलांना गुपचूप सांगून ठेवायचं की स्वतःचं वय एका वर्षाने चुकीचं लिही. ती आरामात आत येतात. सगळे आत आले की पहारेकऱ्यांना विचारायचं, “यातली कोणती चिठ्ठी खोटी?” ते गप्प होतात. मग चौथ्या मुलाच्या हाती जनरल रजिस्टर (मुलांच्या जन्मतारखा असलेली शाळेची नोंदवही) द्यायचं आणि चिठ्ठ्या त्याच्याशी ताडून बघायला लावायच्या. मागच्या वर्षी एक मुलगा आपणहून म्हणाला, “सर, दारावरच्यांना नियम माहीत होता, याला खरं माहीत आहे.” त्यानंतर मला व्याख्या लिहून द्यावी लागली नाही.

निवृत्त रोखपाल

ताई, ८७ आणि ७८ यांच्यातला फरक किती? ९.

बँकेत आम्ही संध्याकाळी हिशेब जुळवताना बेरीज चुकली की आधी फरकाला ९ ने भाग जातो का बघायचो. गेला, तर बहुतेक कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेले असतात. २७८१ च्या जागी २७१८ लिहिलं तर फरक ६३, म्हणजे नऊ सत्ते. हे जादू म्हणून दाखवा, मग कारण त्यांच्याकडूनच काढून घ्या. दशकाचा अंक अ आणि एककाचा ब असेल तर संख्या १०अ + ब. उलटी केली की १०ब + अ. वजा केलं की ९ × (अ − ब) उरतं. नववीचं बीजगणित इथे कामी येतं.

पुढची पायरी मला जास्त आवडते. मुलांच्या आजोबांना ‘नवाचा ताळा’ माहीत असेल, अंकांची बेरीज घेऊन गुणाकार बरोबर आला का ते बघायला वापरायचे. मुलांना विचारा, हा ताळा ८७ चे ७८ झालेले पकडेल का? नाही पकडणार. दोन्हींच्या अंकांची बेरीज १५ च. म्हणजे प्रत्येक ताळ्याची एक ठरावीक आंधळी जागा असते, आणि ती कुठे आहे हे ताळा करणाऱ्याला माहीत असावं लागतं.

वर्गात असं करा. दोन मुलांना तीच गुणांची यादी वेगवेगळी उतरवायला द्या, एकमेकांचं बघायचं नाही. मूळ कागदावरची बेरीज तुम्ही आधीच काढून ठेवा. दोघांनी आपापली बेरीज सांगायची, मग एकाने मूळ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टिचक्या मारायच्या. बँकेत एक नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो, ही पद्धत संगणक आल्यावरही राहिली. ऑनलाइन पैसे पाठवताना खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतात तेही हेच.

धनादेशही दाखवा. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोनदा का लिहायची? दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची, असं १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातच (धनादेश, हुंड्या यांच्या कायद्यात) आहे. कारण मुलं नेमकं सांगतात: आकड्यात एक शून्य सहज वाढतं, अक्षरात ‘पाचशे’चं ‘पाच हजार’ चुकून होत नाही.

खडूची पूड

काका, फरक ९ हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वर्गाची एकूण बेरीज हातानेही केली असती तरी त्याच दिवशी पकडलं गेलं असतं. हे नक्की घेणार. ओटीपीचं काय सांगावं?

कोडवाला पुणेकर

ओटीपीबद्दल मी असं सांगेन. ९८ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर ‘मोबाईल नंबरासारखा दिसतो’ हे व्हॅलिडेशन. ‘हा फोन आत्ता तुझ्याच हातात आहे’ हे ओटीपी सांगतो. पाठ्यपुस्तकात व्हेरिफिकेशनचा अर्थ त्याहून अरुंद आहे: मूळ कागदावर जे आहे तेच आत उतरलं का. शब्द एक, प्रश्न दोन. मुलांना दोन्ही प्रश्न पूर्ण वाक्यात लिहायला लावा, गोंधळ तिथेच सुटतो.

आता माझा आवडता उपक्रम, खर्च शून्य. बिस्किट, साबण, चहाचे रिकामे पुडे आणायला सांगा. बारकोडखाली १३ अंक असतात आणि शेवटचा अंक आधीच्या १२ वरून काढलेला असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा... यांची साधी बेरीज. दुसरा, चौथा, सहावा... यांची बेरीज गुणिले ३. दोन्ही मिळवा. पुढच्या दहाच्या पटीला जायला जितके कमी पडतात तो तेरावा अंक.

फळ्यावर सरावाला ८९०१२३४५६७८९ घ्या. विषम स्थानं: ८+०+२+४+६+८ = २८. सम स्थानं: ९+१+३+५+७+९ = ३४, त्याचे तिप्पट १०२. एकूण १३०, म्हणजे तेरावा अंक ०. मग जोड्या पाडा. एकाने स्वतःच्या पुड्यावरचा नंबर वाचायचा, पण हवं तर मधला एक अंक बदलायचा. दुसऱ्याने फक्त गणित करून सांगायचं की बदलला की नाही. एकच अंक बदलला असेल तर हा ताळा हमखास पकडतो.

दुसऱ्या फेरीत शेजारचे दोन अंक उलटे करायला सांगा. बहुतेक जोड्या पकडल्या जातात, पण १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८ अशा जोड्या निसटतात. फरक ५, आणि अदलाबदलीने बेरीज त्याच्या दुप्पट म्हणजे १० ने सरकते, शेवटचा अंक तोच राहतो. हे तुम्ही सांगू नका. कुणीतरी वर्गात “सर, हे पकडलंच नाही!” असं ओरडेपर्यंत थांबा. रोखपाल काकांनी म्हटलेली आंधळी जागा ती हीच. ती बुजवणारी एक रीत याकोबुस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. शेजारच्या अंकांची कुठलीही अदलाबदल ती पकडते, आणि आधारचा बारावा अंक त्याच रीतीने काढलेला असतो.

जाता जाता एक गैरसमजही दूर करा. ८९० म्हणजे ‘भारतात बनलं’ नव्हे. तो क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला एवढाच त्याचा अर्थ.

संगमेश्वरी

वरच्या प्रतिसादात आधार आलंय म्हणून कळकळीची विनंती: वर्गात मुलांचे खरे आधार क्रमांक किंवा घरच्यांचे फोन नंबर फळ्यावर येऊ देऊ नका, अगदी ताळा करून बघायलासुद्धा. पुडे पुरेसे आहेत.

त्याऐवजी पिन कोड घ्या. तो कुणा एकाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. मराठी मुलांना हे नाव ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. मुलांकडून नियम काढून घ्या: सहा अंक, पहिला ० नाही, महाराष्ट्र आणि गोव्याचा पहिला अंक ४. मग ४११००२ आणि ४११०२० फळ्यावर लिहा. दोन्ही पुण्यातलेच खरे पिन. शेवटचे दोन अंक उलटले तर कुठलाच नियम ओरडत नाही, पत्र मात्र भलत्या टपाल कार्यालयात जातं. पिनमध्ये ताळ्याचा अंक नाही. म्हणून पोस्टमन पत्ताही वाचतो.

नववी ब

संगणकाच्या तासाला ‘फॉर्म फोडा’ घ्या. एका गटाने कॅल्क किंवा एक्सेलमध्ये गुणांचा तक्ता करून नियम लावायचे, दुसऱ्या गटाने चुकीची माहिती आत घुसवायची. ०, १००, −१, १०१ हे सगळे सुचवतात. ‘गैरहजर’ कुणी टाकलं की खरी चर्चा सुरू होते, कारण तिथे नियमच अपुरा असतो. आणि एक्सेलमध्ये दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं की नियम अडवतच नाही, हे एखादा तरी शोधून काढतोच.

मराठीतली एक गंमत जरूर दाखवा. नावाच्या रकान्यात ‘क्षितिज’ टाकून लांबी मोजायला लावा. मुलं म्हणतील ३, संगणक म्हणेल ७, कारण तो क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असं सगळं वेगळं मोजतो. ‘नाव ५ अक्षरांपेक्षा मोठं नको’ असा नियम केलात तर क्षितिज दारातच अडकला. नियम करणाराही चुकतो हे त्यांना तिथे समजतं.

खडूची पूड

वर्गातले दोन तास घेऊन झाले, म्हणून कळवते.

पहिल्या तासाला पहारेकरी घेतले, योगायोगाने वीज नव्हतीच. जनरल रजिस्टर हातात आल्यावर जो फरक पडला तो अगदी डोंगरवाडी सरांनी लिहिल्यासारखाच. दुसऱ्या तासाला माझी ८७-७८ ची चूक त्या मुलीची परवानगी घेऊन सांगितली. ९ ची युक्ती फळ्यावर तिनेच करून दाखवली.

मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, ज्याची मी तयारी केली नव्हती. “बाई, माझ्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे. आजी म्हणते ते थंडीत जन्मले.” त्यावर आणखी सात-आठ हात वर झाले, सगळ्यांचे आजी-आजोबा १ जूनचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी तीच लिहायचे. तारीख नियमात बसते. दाखल्याशी ताडली तरी तंतोतंत जुळते. मूळ कागदच चुकीचा आहे.

मी त्यांना सांगितलं की हा आपल्या दोन्ही शब्दांच्या पलीकडचा तिसरा प्रश्न आहे, आणि घरी विचारून या: आजोबांचा जन्म कधीचा हे कशावरून सांगता येतं? कुठला सण जवळ होता, कुठलं पीक उभं होतं, गावात काय घडलं होतं. सोमवारी ते ऐकणार आहे.

बारकोड शुक्रवारी. वर्गात कोपऱ्यात एक खोकं ठेवलंय, आत्तापर्यंत ३१ पुडे जमलेत.