पहिली वेबसाइट, तीही बाइंडिंगच्या दुकानाची आणि मराठीतून. कुठून सुरुवात करू?

बांधणीवाला_बुधवार
नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकातून आत गल्लीत आमचं पुस्तक बांधणीचं दुकान आहे. थिसिस, लेजर, ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, कधीमधी एखादी पोथी. वय ५४. टॅलीत बिलं करतो, कॉम्प्युटरशी संबंध तेवढाच. थिसिसच्या मोसमात फोन खाली ठेवता येत नाही आणि सगळे विचारतात तेच: रेक्झिन कुठल्या रंगात आहे, पाठीवर सोनेरी अक्षरं टाकाल का, संध्याकाळपर्यंत मिळेल का. हाताला खळ लागलेली असते, फोन उचलायचा कसा? म्हणून म्हटलं, वेबसाइट करू, आणि स्वतःच करू. मुलगा म्हणतो इन्स्टाग्राम पुरे. थिसिसचे दर इन्स्टावर शोधणारं गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेलं नाही.

एका क्लासात चौकशी केली. रिॲक्ट, नोड, डेटाबेस, सहा महिने. अहो, मला एक पान हवंय!

नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, लिहून बघितलं, आवडलं. टॅग उघडला की बंद करायचा, पुढचा पुठ्ठा लावला की मागचाही लावायचा, तसंच. पण डीटीपीवाल्याने केलेल्या रेटकार्डातला मजकूर चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. शीर्षक मी स्वतः टाइप केलंय. ते माझ्याकडे नीट दिसतं, भाच्याला फाइल पाठवली तर त्याच्याकडे तिसराच कचरा.

नाऱ्या_नऱ्हेकर
काका, वर्डप्रेस घ्या, साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर आहे. थीम टाका, संध्याकाळी साइट तयार.

कोथरूडची_कोडकरीण
तयार होईल, पण मग अपडेट आणि प्लगिन सांभाळत बसावं लागेल. एका पानाला तो व्याप कशाला? काका, तुम्ही धरलीत तीच वाट बरोबर आहे. जगातली पहिली वेबसाइट १९९१ सालची, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेली. नुसता मजकूर आणि लिंका. दुकानाला फोटो धरून तेवढंच लागतं. रिॲक्ट सध्या विसरा.

भाच्याकडचा कचरा नीट बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हापुन्हा येतोय का? मग फाइल चांगली आहे, ब्राउझर ती चुकीच्या पद्धतीने वाचतोय. युटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट कायम एकच. तोच तो ए. हेड टॅग उघडल्याबरोबर मेटा चारसेट युटीएफ-८ ची ओळ टाका, म्हणजे पान कसं वाचायचं ते ब्राउझरला कळेल, प्रश्न मिटला. नुसती प्रश्नचिन्हं आली असती तर मात्र सेव्ह करतानाच अक्षरं गेली असं समजायचं. त्याला पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही.

पानाची रुंदी फोनच्या पडद्याइतकी ठेवणारी व्ह्यूपोर्टची मेटा ओळही विसरू नका, नाहीतर मोबाइलवर अख्खं पान मुंगीएवढं दिसेल.

डीटीपी_नारायणपेठ
रेटकार्डाचं दुखणं वेगळं. ते जुन्या फॉन्टात आहे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी तुकडे बसवलेले असत. फॉन्ट काढला की खाली इंग्रजीच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा असलेल्या पद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. तुमचं कार्ड पानभर असेल तर सरळ पुन्हा टाइप करा, वेळ कमी लागेल.

बांधणीवाला_बुधवार
चारसेटची ओळ टाकली, भाच्याकडे दिसलं! रेटकार्ड पुन्हा टाइप केलं. दुकान दुपारी उघडं असतं हे सगळ्यात वर टाकलंय, कारण बाहेरगावच्या मुलांना पुण्याबद्दल कोणीतरी भलतंच सांगून ठेवलेलं असतं. खाली लिहिलंय, थिसिसचा रंग आपल्या कॉलेजच्या विभागात विचारूनच या, पुठ्ठा चढल्यावर बदलत नाही.

आता दोन शंका. शीर्षक जरा ऐसपैस दिसावं म्हणून लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलं, तर शिरोरेषाच तुटली. आणि हे लोकांना दिसणार कसं?

डीटीपी_नारायणपेठ
मराठीला लेटर स्पेसिंग द्यायचंच नाही. अक्षर मोठं करा किंवा ठळक करा. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हाताने द्या, लाइन हाइट १.६ च्या आसपास, म्हणजे वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडत नाहीत. फॉन्ट ‘मुक्त’ नावाचा किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्या, दोन्ही फुकट आहेत.

कोथरूडची_कोडकरीण
गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर फुकट चढवता येईल. फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, सगळं लहान लिपीत. फोटोंच्या नावांतही तेच पाळा. विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, गिटहबवर पडतो. घरी दिसणारा फोटो साइटवर गायब झाला तर आधी नाव तपासा. फोनमधले फोटो तसेच चढवू नका, रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा. फोन नंबरला टेलची लिंक द्या, बोट लावलं की फोन लागेल.

डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, नंतर घेतलंत तरी चालेल. डॉट भारत हे देवनागरीत मिळतं, पण मी डॉट इन घेईन. पत्ता फोनवर सांगायला सोपा जातो.

बांधणीवाला_बुधवार
फोनवर सांगायला लागू नये म्हणून तर हे चाललंय, ताई! पण बरोबर आहे, डॉट इनच घेतो. रविवारी रेक्झिनच्या रंगांचे फोटो काढतो. ट्यूबलाइटखाली मरून आणि चॉकलेटी एकच दिसतात, तेव्हा दाराबाहेर उन्हात धरूनच काढावे लागतील.