पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) ७.४ वर वॉर्निंग, ८.० वर फेटल (प्रोग्राम तिथेच थांबतो), ८.१ वर डेप्रिकेटेड (चालतं, पण पुढे चालणार नाही अशी सूचना). नक्की नियम कुठला?

अर्धविराम:
एकच लायब्ररी ७.४ ते ८.१ चालवायची आहे. बेस (पॅरेंट) क्लासमध्ये सेव्ह($डेटा, $फ्लॅग्ज = ०) ही मेथड, त्यावरून बनवलेल्या चाइल्ड क्लासमध्ये नुसतं सेव्ह($डेटा), म्हणजे एक पॅरामीटर कमी. ७.४ वर वॉर्निंग येऊन काम चालतं, ८.० वर तोच कोड फेटल. पण हीच चूक इंटरफेसच्या (कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणाऱ्या कराराच्या) मेथडमध्ये असली तर ७.४ वरही फेटल! शिवाय ॲरेॲक्सेसवाला (ऑब्जेक्ट ॲरेसारखा वापरू देणारा बिल्ट-इन इंटरफेस) क्लास ८.० पर्यंत गप्प आणि ८.१ वर त्यातल्या ऑफसेटगेट मेथडच्या रिटर्न टाइपवरून (परत येणाऱ्या व्हॅल्यूचा प्रकार) डेप्रिकेटेड. 'पीएचपी -एल'ला (फाइल न चालवता फक्त सिंटॅक्स तपासणारी कमांड) यातलं काहीच दिसत नाही.

सुटा_कंस:
विसंगती खरीच होती. ७.x मध्ये पॅरामीटर इंटरफेस किंवा ॲबस्ट्रॅक्ट (आत कोड नसलेल्या) मेथडशी जुळले नाहीत तर फेटल, साध्या पॅरेंट क्लासशी जुळले नाहीत तर वॉर्निंग. (रिटर्न टाइपची गफलत मात्र तेव्हाही फेटलच.) ८.० ने दोन्हीकडे एकच माप लावलं. चाइल्डमध्ये $फ्लॅग्ज = ० घाला, वापरायचा नसला तरी. '= ०' गाळलंत तर पॅरामीटर सक्तीचा होतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

-एल पॅरेंटची फाइल लोडच करत नाही, मग तुलना कशाशी करणार? ८.० वर ऑटोलोडरसकट (लागेल त्या क्लासची फाइल आपोआप आणणारा कोड) प्रत्येक क्लास लोड करून बघा, पण दर क्लासला वेगळी प्रोसेस. नाहीतर पहिल्याच फेटलला गाडी अडते.

रिकामी_ओळ:
ॲरेॲक्सेसचं दुखणं वेगळं आहे. ८.१ ने बिल्ट-इन मेथड्सना तात्पुरते रिटर्न टाइप दिले, म्हणून फेटलऐवजी डेप्रिकेटेड. ऑफसेटएक्झिस्ट्सला बूल, ऑफसेटसेट आणि ऑफसेटअनसेटला व्हॉइड लिहून टाका, ७.४ ला चालतं. अडतं ते ऑफसेटगेटपाशी. तिथे लागणारा मिक्स्ड (कुठलीही व्हॅल्यू) हा टाइप ८.० पासूनचा. ७.४ त्याला क्लासचं नाव समजतं, फाइल बिनतक्रार लोड होते आणि व्हॅल्यू परत करताना टाइपएरर फेकते. नेहमी स्ट्रिंगच परत जात असेल तर सरळ स्ट्रिंग लिहा, नाहीतर मेथडवर #[\रिटर्नटाइपविलचेंज] हा ॲट्रिब्यूट (कोडला जोडायची खूण) लावा, म्हणजे डेप्रिकेटेड जातं.

अर्धविराम:
तो ॲट्रिब्यूट ७.४ ला चालेल?

रिकामी_ओळ:
चालेल, कारण ७.४ साठी # म्हणजे कॉमेंट. पण स्वतंत्र ओळीवरच लिहा. मेथडच्याच ओळीत लिहिलात तर ७.४ मेथडची पूर्ण ओळ कॉमेंट समजून गिळतं आणि पुढच्या महिरपी कंसावर पार्स एरर देतं.

सुटा_कंस:
आणि नेमस्पेसमध्ये (क्लासच्या नावांचा गट) असाल तर ॲट्रिब्यूटच्या नावाआधीचा बॅकस्लॅश (\) विसरू नका. त्याच्याशिवाय डेप्रिकेटेड जात नाही आणि का जात नाही तेही कळत नाही.