आधी तार मिटवायला शिका, वेग मागून येतो

पेडल स्टीलवर (आडवी ठेवून वाजवायची, पायानं पेडल दाबून सूर बदलायची गिटार) वेग वाढवला की सुरांचा चिखल होतो, असं तुम्ही लिहिलंय. दोष बोटांचा नाही, आधीची तार वेळेत बंद होत नाही. दहा तारांच्या ई-नाइनवर (पेडल स्टीलची एक नेहमीची सुरावट) तळहाताची कड टेकवून तारा मिटवणं, म्हणजे त्यांचा नाद थांबवणं, आधी पक्कं करा. त्या पद्धतीतला सुराचा गोलवा मला अजूनही जास्त आवडतो. पण जलद जागेत तळहात उचल-टेक करायला उसंतच नसते. तिथं अंगठ्याची नखी (तार छेडायला बोटात घालतात ती) पुढची तार छेडते त्याच क्षणी मधल्या बोटाची नखी आधीच्या तारेवर परत टेकवायची. इथं नांदेडला मी हे तबल्याच्या रियाजासारखं घोटलं: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, आधी एकपट, मग दुप्पट. दोन महिने पेडलला पाय लावला नाही. आणि ॲम्पचा रिव्हर्ब (सुराला घुमारा देणारा परिणाम) बंद ठेवा, तो सगळ्या चुका झाकतो.